छातीवरची पाहुणी

३ डिसेंबर, मंगळवार

थंडी पडली एकदाची. सकाळी घाटावर गोदावरीचं पाणी दिसतच नव्हतं, नुसती वाफ. किशनराव कानटोपीतून म्हणाले, "उद्धवराव, आठ दिवस फिरणं बंद ठेवू." म्हटलं, तुम्ही ठेवा. सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात फायली उपसण्यात गेली, आता रिटायर झाल्यावर तरी तब्येत माझ्या हुकमात राहू दे. माझा हिवाळ्याचा कायदा ठरलेला आहे — पहाटे तिळाचं तेल, गूळ-सुंठीची गोळी, बाजरीची भाकरी आणि झोपताना छातीला बाम. गेल्या हिवाळ्यात दवाखान्याची पायरी चढलो नाही.

यंदा घरात मात्र कायदा बायकोचा, तारामतीचा. मुग्धा लातूरहून बाळंतपणाला आलीय. तारीख जानेवारीच्या शेवटची, पण तारामतीची तयारी आत्तापासून. डिंक, मेथी, अळीव. खारीक कुटून कुटून हिच्या नाकातोंडात भुकटी गेलीय. मागची खोली बाळंतिणीची ठरली. खिडकीच्या फटींत कागद कोंबले — ते काम माझं. बाजेखालची शेगडी माळ्यावरून काढली. कोळसे इस्त्रीवाल्याकडून आणले, चांगलं पोतं भरून.

मुग्धा म्हणाली, "बाबा, आता कोण शेगडी ठेवतं?" मी म्हटलं, "तू झालीस तेव्हा ठेवली होती. मेलीस का?" ती हसली. पण पोटुशी लेकीला असलं बोलायला नको होतं. जिभेला हाड नाही माझ्या.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळीच मुग्धाचं पाणी गेलं. रिक्षानं दवाखान्यात नेलं. अजून दीड महिना बाकी होता!

१० डिसेंबर, मंगळवार

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. मुग्धा शुद्धीवर आहे, बोलली.

बाळ काचेच्या पेटीत. पावणेदोन किलो. बाजारातून एवढे तर मी वांगे आणतो. अंगावर मांस म्हणून नाही, बोटं काडीसारखी, डोळ्यांवर पट्टी. तारामतीला काचेतून दाखवलं तर लगेच बाहेर निघून गेली. जावई अंबरीशराव लातूरहून मोटारसायकलवर आले, एवढ्या थंडीत, ओठ निळे पडलेले. कॉलेजातून तसेच निघाले, स्वेटरसुद्धा नाही अंगात. काचेसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "बाबा, राहील का हो?" म्हटलं, राहील की. मला स्वतःला भीती वाटून राहिली. खूप.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मुग्धाला ताप. टाके लाल झालेत. दुसरी औषधं सुरू केली. तारामतीला खोकला — खारकेच्या भुकटीनं का गारठ्यानं, देव जाणे. सिस्टरनं तिला दारातच अडवलं. खोकला, सर्दी असलेल्या माणसानं बाळाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ही बाहेरच्या बाकड्यावर पदर तोंडाला लावून बसलीय. नातीला अजून धड बघितलं नाही तिनं.

१४ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरबाईंनी बोलावलं. अशा कच्च्या बाळाला ऊब टिकवता येत नाही म्हणाल्या. पेटीतून काढलं की माणसाच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं, वरून कापड बांधायचं. तासन् तास. श्वास सुधारतो, वजन वाढतं, थंडीत तर दुसरा चांगला इलाजच नाही. आईनं करायचं, पण आईला ताप. मग बापानं. अंबरीशराव दोन दिवस करूनच राहिले. पण एकट्या माणसानं किती बसायचं? म्हणून बाईंनी माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्हाला काही खोकला, बिडी-काडी?"

मी म्हटलं, बिडी नाही, पण मी — मी कसा?

आमच्यात बापानं स्वतःचं लेकरू वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही, अशी रीत. मुग्धा तान्ही असताना मुखेडला गावी गेलो की माझे वडील, आण्णा, ओसरीवर असायचे. लेकरू रडून लाल झालं तरी मी पेपर वाचत बसायचो. सगळेच तसे बसायचे, वेगळं काही वाटायचं नाही. आता माझ्यावर वडीलधारं कुणी उरलं नाही, पण हाताला ती सवय लागायची राहून गेली. आणि हे तर जावयासमोर उघड्या अंगानं बसायचं!

उद्या बघू म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार

बसलो.

आधी फजिती. शांतम्मा सिस्टर — देगलूरकडच्या, गोड हसतात पण हुकूम पोलिसाचा — म्हणाल्या, "काका, अंगी काढा." काढली. लगेच नाक धरलं त्यांनी. "हे काय लावलाव? बाम? लेकराला ठसका लागंल की!" रात्रीचा बाम! साबण देऊन मोरीत पिटाळलं मला. दवाखान्याच्या मोरीत, डिसेंबरात, छाती घासून राहिलोय. दात वाजतायत. बाहेर आलो तर म्हणाल्या, आता गार आहात, आधी पांघरून बसा, गरम व्हा. एवढ्या वयात मला कुणी इतकी उठ-बस करायला लावली नव्हती.

मग ठेवली. बेडकासारखी, पाय दुमडून, डोकं माझ्या गळ्याखाली एका अंगाला वळवून. वरून तारामतीच्या जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला. टोपी, मोजे, बाकी अंगावर काही नाही. वजन जाणवेना. खरंच जाणवेना. मी श्वास धरून बसलो, तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही श्वास घ्या काका, तुमचं बघून ती घेती."

मग घेतला. थोड्या वेळानं तिनं बोटं हलवली. छातीवर मुंगी चालावी तसं. मी खाली बघायला गेलो तर हनुवटी अडली, नुसती टोपी दिसली. अंबरीशराव समोर उभे होते, पण लाज कुठं गेली ते कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि हात बांधलेले, पुसायची सोय नाही. जावयानं रुमालानं पुसलं.

१८ डिसेंबर, बुधवार

पाळ्या लावल्या. अंबरीशराव आणि मी. तिला मी पाहुणी म्हणतो. नाव बारशाला ठरेल, तोवर पाहुणी. न सांगता, वेळेच्या आधी आली म्हणून.

फिरणं बंद. तेल बंद. किशनराव फोनवर म्हणाले, "काय हो, तुम्ही तर थंडीला भीत नव्हता!"

२१ डिसेंबर, शनिवार

घरी सोडलं. निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, खोलीत ऊब कशी ठेवणार? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, कोळसे आणून ठेवलेत, फटी बुजवल्यात, ओवा-शेपाची धुरीही देणार. बाईंचा चेहरा बघण्यासारखा. "बंद खोलीत कोळसा? काका, त्या धुरानं धडधाकट माणसं झोपेत जातात. हिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. शेगडी नको, धुरी नको, हवा थोडी खेळती ठेवा. ऊब माणसाची द्या."

घरी आल्या आल्या कागद काढले. कोळसे इस्त्रीवाल्याला परत दिले. तारामती नाराज. "बाळंतिणीला शेक नाही तर काय, कंबर धरून बसंल जन्माची." म्हटलं, गरम पाण्याची पिशवी दे. तिचा खोकला अजून आहे. दाराबाहेरून लाडू पाठवते, पेज पाठवते, तोंडाला पदर. नातीचा हात धरायला मिळत नाही म्हणून राग सगळा माझ्यावर निघतो. निघू दे.

२३ डिसेंबर, सोमवार

अंबरीशराव लातूरला गेले. मुलांच्या परीक्षा. जाताना पाहुणीच्या तळपायाला बोट लावलं आणि माझ्या पाया पडले.

२४ डिसेंबर, मंगळवार

आता सगळ्या पाळ्या माझ्याच. पाठ कामातून गेली. पण झोपते कशी! तोंड उघडं टाकून, आण्णांसारखी.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मुग्धाचा ताप जाऊन आठवडा झाला. टाके सुकले. जेवते, आंघोळ करते. पाहुणीला पाजते — तेही उशीवर ठेवून, हात लांब धरून, गरम भांडं उचलावं तसं. पाजून झालं की लगेच, "बाबा, घ्या."

आधी वाटलं थकते पोरगी. आज म्हटलं, "थोडा वेळ तूच ठेव की. मी पेपर वाचतो." तर चेहरा उतरला. "नको. तुमच्याकडंच शांत राहते ती." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

तारामतीला सांगितलं. ती म्हणाली, पहिलटकरीण आहे, येईल माया. मला हे मायेचं वाटत नाही. काहीतरी निराळं आहे.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळा अमावस्येचा सण. सगळं गाव शेतात. माझं पहिल्यांदा चुकलं. व्यंकट, माझा धाकटा भाऊ, मुखेडला शेती बघतो — दुपारी बसनं डबे घेऊन हजर. मिसळ भाज्यांची भज्जी, वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी आणि किटलीभर आंबिल. सर्दी नाही, खोकला नाही ना, असं विचारूनच त्याला आत घेतलं. मला खुर्चीत लुगडं बांधून बसलेला बघून दारातच थांबला. "दादा, बाळंतीण तूच हायस की रं! आता तुलाच डिंकाचे लाडू." हसून हसून बेजार झाला. मीही हसलो. तारामती बाहेरून हसली, मग खोकली.

व्यंकटनं मुग्धाला हाक मारली, "ये बाय, तुझ्यासाठी लई निगुतीनं केलीय काकूनं भज्जी." ती म्हणाली भूक न्हाई. गेली परसात आणि उन्हात बसून राहिली.

व्यंकट गेल्यावर मी तशीच पाहुणी बांधलेली घेऊन परसात गेलो. शेजारी बसलो. ऊन छान होतं. न विचारता तीच बोलायला लागली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी, ताप यायच्या आधी, बाळाला पहिल्यांदा तिच्या छातीवर ठेवलं होतं. मशीन वाजायला लागली. पाहुणीचा श्वास थांबला होता. निळी पडली. सिस्टर पळत आल्या, पाठ चोळली, उचलून नेली. क्षणभरात परत घेतला श्वास. पण मुग्धानं बघितलं ते बघितलं.

"माझ्या अंगावर असताना झालं, बाबा. मी काय केलं मला कळलंच नाही. तुमच्याकडं एकदाही झालं नाही. माझ्याकडं आली की मला तेच दिसून राहतं."

अंबरीशरावांना सांगितलं नाही. आईला नाही. एवढं ओझं एकटी घेऊन बसलीय भिंतीकडं तोंड करून, आणि मी पेपरचं सांगतोय. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा वाटला. फिरवला. ती रडली, पाहुणी झोपून राहिली.

२ जानेवारी, गुरुवार

तपासणी. वजन चांगलं वाढलं. डॉक्टरबाई खूश. मुग्धाला बाहेर बसवून मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तिला आत बोलावलं, शेजारी बसवलं. म्हणाल्या, लवकर झालेल्या बाळांचं असं होतं, श्वास घ्यायचं विसरतात. पेटीतही होतं, बापाच्या अंगावरही होतं. तुझ्यामुळं नाही. आता ती त्यातून बाहेर आलीय, आई म्हणून तू बिनधास्त घे. झोप, भूक, रडू — सगळं विचारलं. दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोलायचं म्हणाल्या, अजून जड वाटलं तर त्यासाठीही डॉक्टर असतात, लाजायचं नाही.

मुग्धा हो हो म्हणाली. रिक्षात मात्र, "बाबा, घ्या."

५ जानेवारी, रविवार

अंबरीशरावांचा फोन. संक्रांतीनंतर महिनाअखेर लातूरला न्यावं म्हणतात. बरोबर आहे, लेकरू त्यांचं आहे. पण तिथं घरात तिसरं माणूस नाही. त्यांची आई गेली, वडील निलंग्याला भावाकडं. सकाळी हे कॉलेजला गेले की दिवसभर मुग्धा आणि पाहुणी, दोघीच. तिथं कुणाला म्हणणार, घ्या?

मुग्धानं फोनवर सगळं ऐकलं. जेवली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आंघोळीला मुद्दाम उशीर लावला. पाणी गार झालं तरी मोरीतून बाहेर आलो नाही. पाहुणी रडायला लागली, मग थांबली. दार थोडं किलकिलं करून बघितलं — मुग्धानं उचलली होती. छातीशी नाही, हातांवर. डोळे तिच्या नाकावर खिळलेले, श्वास मोजत असावी. मी दिसताच पुढं केली. मला घ्यावीच लागली. घ्यावीच लागली म्हणतो, पण हात आधीच पुढं गेले होते.

९ जानेवारी, गुरुवार

तारामतीशी भांडण. खोकला गेला तिचा, डॉक्टरांनी कालपासून नातीला घ्यायची परवानगी दिली. मी म्हटलं, तू छातीवर नको बांधू, तुझ्या हातात ती कुरकुरते. झालं! ती म्हणाली, "तुम्ही सोडता कुठं तिला? पाजायला दिली तरी लुगडं सोडत नाही, तिथंच उभे राहता. घड्याळ बघत! पोरीला वाटणारच की लेकरू ह्यांचंच."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, मी कोणासाठी करतोय?

ती शांतपणे म्हणाली, "आधी तिच्यासाठी करत होता. आता तुमच्यासाठी करून राहिले."

जेवलो नाही. बाहेर ओट्यावर बसलो, पाहुणीला घेऊन. वारा होता म्हणून परत आत आलो.

१० जानेवारी, शुक्रवार

खरं आहे तिचं.

सकाळी उठलो की पहिला विचार हाच येतो, की आता घ्यायची. तिच्या टाळूला वास येतो दुधाचा, तेलाचा, कसलातरी. सगळा जन्म गेला आणि अशी गोष्ट असते हे मला माहीत नव्हतं. कुणी उघड्या छातीवर निवांत झोपलंय, फक्त मी ऊबदार आहे म्हणून. दुसरं काही मागत नाही. आणि ती लातूरला गेल्यावर माझं काय, हा विचार मुग्धाचं काय याच्या आधी येतो हल्ली. हे चांगलं नाही.

आईनं जवळ घेतल्याशिवाय आईची भीती जाणार नाही. डॉक्टरबाई जबरदस्ती करू नका म्हणाल्या. बरोबर. पण मी समोर खुर्चीत तयार बसलोय तोवर तिला घ्यायची वेळच येत नाही. दे म्हटलं तर देत नाही असं नाही माझं, पण मागतं कोण?

आणि तारामतीकडं द्यावी, तर मुग्धाचं तेच. घ्या म्हणायला नुसता माणूस बदलेल.

११ जानेवारी, शनिवार

तारामतीशी बोललो. सकाळीच, स्वयंपाकघरात. ती तीळ निवडत होती. म्हटलं, सोमवारी भोगीला तू तुझ्या बहिणीकडं जा, संक्रांतीला तिथंच राहा. ती म्हणाली, "का? नात हातात आली आत्ता कुठं, आणि मी जाऊ?" म्हटलं, जा. कारण सांगितलं नाही. तिनं निवडता निवडता माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी पिशवी भरली.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

तारामती सकाळच्या गाडीनं परभणीला बहिणीकडं गेली. नंतर मी चहा घेताना मुग्धासमोर दोन मोठ्या शिंका दिल्या आणि घसा खाकरला. ती उठली, माझ्या कपाळाला हात लावला, खुर्ची दाराबाहेर काढून दिली आणि म्हणाली, "बाबा, आत यायचं नाही आता." पाहुणी रडत होती. मुग्धा थोडा वेळ पाळण्यापाशी नुसती उभी राहिली. मग लुगड्याचा पट्टा खुंटीवरून काढला, भिंतीला टेकून बसली आणि तिला छातीशी घेतलं. एक बोट तिच्या नाकाखाली धरून बसली. मी दाराबाहेरच्या खुर्चीतून बघत होतो. आता दुपार झाली, दोघी झोपल्यात. पट्टा तसाच बांधलेला आहे.

मला सर्दी झालेली नाही. आठवडाभर बरीही होणार नाही.